अक्षराचा आकार आणि वाचनाचा आनंद

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मराठी भाषेत 'चाळिशी' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक वयाचा, दुसरा चष्म्याचा. भाषेने या दोन गोष्टींना एकच नाव देऊन मोठा शहाणपणा दाखविला आहे, कारण माणसाचे वय वाढल्याची पहिली वर्दी आरसा देत नाही, पुस्तक देते. कालपर्यंत सहज वाचता येणारे पान आज हात लांब करून धरावे लागते. काही दिवसांनी हात अपुरा पडू लागतो. मग चष्मा येतो, पुढे चष्म्याचा नंबर वाढतो आणि एके दिवशी घरातील मंडळी म्हणू लागतात, "आजोबांना आता वाचनात गोडी राहिली नाही." प्रस्तुत भाषणाचा विषय या एका वाक्यापुरताच आहे. आजोबांची गोडी खरोखरच संपलेली असते, की पुस्तकातील अक्षरच त्यांना आत येऊ देत नाही?

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली हा वाचणाऱ्यांचा परिसर आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १ जून १८९३ रोजी स्थापन केले. केवळ मराठी ग्रंथांसाठी उभे राहिलेले ते पहिले ग्रंथालय. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांनी डोंबिवलीत राहून लेखन केले. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१० साली ठाण्यात आणि २०१७ साली डोंबिवलीत भरले. लोकलच्या गर्दीत एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने वर्तमानपत्राची चौघडी वाचणारा माणूस तर या मार्गावर पिढ्यान्पिढ्या दिसत आला आहे. अशा गावांत निवृत्तीनंतर, म्हणजे वाचनाला अखेर सवड मिळते त्याच वेळी, वाचन सुटलेली माणसे इमारतीगणिक आढळावीत, हे सहज सोडून देण्यासारखे नाही.

याचे शरीरशास्त्र अवघड नाही. तरुणपणी डोळ्यातील भिंग लवचीक असते. जवळचे पाहताना ते फुगते, दूरचे पाहताना सपाट होते. वयाबरोबर ते ताठर होत जाते आणि जवळचे दिसण्याचे किमान अंतर वाढत जाते. पुस्तक दूर धरले की दुसरा तोटा होतो. शाळकरी नातू पंचवीस सेंटिमीटरवर धरून जे पान वाचतो, तेच पान आजोबांनी पन्नास सेंटिमीटरवर धरले तर अक्षराचा डोळ्यातील आकार निम्मा होतो. म्हणजे बारा पॉइंटचे अक्षर आजोबांच्या वाट्याला सहा पॉइंटचे होऊन येते. योग्य नंबरचा चष्मा हा यावरील पहिला उपाय आणि तो आधी करावा, यात शंका नाही. परंतु चष्मा सर्व काही परत देत नाही. वयाबरोबर बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या तरुणाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. त्यात मोतीबिंदूची सुरुवात असेल तर काळी अक्षरे करडी आणि पांढरा कागद धुरकट दिसू लागतो.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील दृष्टिशास्त्रज्ञ गॉर्डन लेग आणि अक्षररचनाकार चार्ल्स बिगेलो यांनी २०११ साली या विषयावरील संशोधनाचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. निरोगी डोळ्यांच्या वाचकासाठी चाळीस सेंटिमीटर अंतरावर रोमन लिपीतील मूळ अक्षराची उंची सुमारे १.४ मिलिमीटरपासून १४ मिलिमीटरपर्यंत असेल, तर वाचनाचा वेग जवळपास सारखाच राहतो, असे त्यांनी दाखविले. मात्र खालची मर्यादा ओलांडली की वेग हळूहळू कमी होत नाही. तो झपाट्याने कोसळतो. यातून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. प्रत्येक डोळ्याची स्वतःची अशी एक किमान मर्यादा असते. तिच्या वर वाचक सुखाने वाचतो आणि तिच्या खाली त्याला अक्षरे दिसतात, पण वाचन होत नाही. 'दिसते की!' असे आजोबा म्हणतात ते खरेच असते. एक-एक शब्द त्यांना दिसतो. परंतु वाचनाचा आनंद म्हणजे अक्षराचा विसर. जोवर अक्षर आठवत राहते तोवर कथा सुरू होत नाही, आणि दहा मिनिटांत डोके जड झाले की वाचक दोष देतो तो लेखकाला किंवा स्वतःला. छपाईला दोष देण्याचे फारसे कोणाला सुचत नाही.

आता हे मोजमाप रोमन लिपीचे. देवनागरीचा संसार त्याहून दाटीचा आहे. रोमन अक्षर ओळीवर सुटे उभे राहते. देवनागरीत अक्षराच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. पायाशी उकार आणि ऋकार. आणि पोटात जोडाक्षरांची गर्दी. 'राष्ट्र', 'ज्ञान', 'शुद्ध', 'ब्रह्म' हे शब्द बारीक टाइपात पाहावेत. रेघा एकमेकींत मिसळून काळा ठिपका होतो. काही अक्षरांतील भेद तर केसाएवढ्या रेघेवर उभे असतात. 'घ' आणि 'ध' मिसळले की 'घन'चे 'धन' होते. 'भ' आणि 'म' मिसळले की 'भरण'चे 'मरण' होते. 'ब'च्या पोटातील रेघ पुसट झाली आणि वरचा अनुस्वार उडाला, की 'बंध' जाऊन 'वध' येतो. कर्मबंधाचे विवेचन वाचणाऱ्यास हा फरक किती महागात पडेल, हे या सभेत निराळे सांगावयास नको.

मराठी वाचक अशा वेळी संदर्भाने सावरून घेतो. भाषा आपली असल्याने अर्धा शब्द दिसला तरी उरलेला मन पुरविते. परंतु प्रतिक्रमणाची सूत्रे अर्धमागधीत, प्राकृतात आहेत. तेथे संदर्भ मदतीला येत नाही, जे छापले आहे तेच अक्षरशः वाचावे लागते. आणि परंपरेने ज्ञानाच्या अतिचारांत हीनाक्षर, अत्यक्षर, पदहीन असे दोष स्पष्ट गणले आहेत. म्हणजे अक्षर गाळणे वा वाढविणे हा दोष, आणि त्या दोषाला आमंत्रण देणारा बारीक टाइप मात्र खिशात मावणाऱ्या सूत्रपुस्तिकांतच अधिक, असा हा विरोधाभास आहे. त्यात या परिसरातील जैन समाज अनेक ठिकाणांहून येऊन वसलेला. कच्छ-सौराष्ट्रातून आलेल्या घरातील आजीला लहानपणापासून गुजराती लिपीची सवय. त्या लिपीत शिरोरेषा नसते, अक्षरे मोकळी असतात. तिच्यापुढे देवनागरीचे दाट पान आले की तिची अडचण कोल्हापूर-सांगलीकडून आलेल्या मराठी जैन आजीच्या दुप्पट होते.

वास्तविक पाहता अक्षराचा आकार आणि वाचक यांच्या नात्याचा विचार जैन लेखनपरंपरेने जितका केला, तितका क्वचितच कोणी केला असेल. मुनिश्री पुण्यविजयजी (१८९५-१९७१) यांनी १९३५ साली जैन श्रमणसंस्कृती आणि लेखनकला या विषयावर गुजरातीत जो ग्रंथ लिहिला, तो या दृष्टीने आजही मुळातून वाचावा असा आहे. प्राचीन टीकांतून गण्डी, कच्छपी, मुष्टी, संपुटफलक आणि छेदपाटी असे पुस्तकांचे पाच प्रकार येतात. त्यातील मुष्टी म्हणजे मुठीत मावणारे, चार अंगुळांचे. पोथ्यांमध्येही सूक्ष्माक्षरी आणि स्थूलाक्षरी असा भेद होता. पायी विहार करणाऱ्या साधूला आपला ग्रंथ स्वतः वाहावा लागे, म्हणून सूक्ष्माक्षरी पोथीचे ओझे कमी. सभेत वाचावयाची पोथी मात्र मोठ्या अक्षरांची. पर्युषणात वाचल्या जाणाऱ्या कल्पसूत्राच्या जुन्या प्रती पाहिल्या तर एका पानावर अनेकदा सहा-सात ओळीच आढळतात. कागदाचा तुटवडा त्या काळी आजच्याहून अधिक होता. तरीही ही उधळपट्टी केली गेली, कारण वाचणाऱ्याचा आवाज अडखळू नये.

याहून मनोज्ञ आहे ती त्रिपाठ आणि पंचपाठ पोथ्यांची रचना. त्रिपाठात मूळ सूत्र पानाच्या मध्यभागी मोठ्या अक्षरात आणि टीका वर व खाली बारीक अक्षरात; पंचपाठात टीका दोन्ही समासांतही उतरते. एकाच पानावर दोन आकार, दोन वाचकांसाठी. सूत्र म्हणणाऱ्याने मोठे अक्षर म्हणावे, अर्थ शोधणाऱ्या अभ्यासकाने बारीक अक्षरात शिरावे. पाठ करणाऱ्याची नजर टीकेत अडकत नाही आणि अभ्यासकाला दुसरी पोथी उघडावी लागत नाही. 'पडिमात्रा' म्हणजे अक्षराच्या डोक्यावर न देता त्याच्या आधी लिहिलेली मात्रा. तिनेही ओळींमधील दाटी कमी होई. ओळी सरळ याव्यात म्हणून पाटीवर दोरे ताणून त्यावर कागद दाबून घेत. लेखकू म्हणजे लहिया आपल्या पोथीच्या शेवटी पाठ, कंबर, मान मोडल्याची आणि डोळे शिणल्याची तक्रार लिहून ठेवीत असे, ती याच कामाची. डोळ्यांचा शीण लिहिणाऱ्याने स्वतःकडे घेतला होता. वाचणाऱ्याकडे तो जाऊ दिला नव्हता.

छपाई आली तेव्हा ही समज काही काळ टिकली. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापले. शिळाछाप पोथ्यांत अक्षर हाताचेच असल्याने ठसठशीत असे. पुढे अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली तयार झालेले जावजी दादाजी यांनी १८६४ साली स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या पंचांतून उतरलेले ते देवनागरी अक्षर पुढे सर्व भारतात मापदंड ठरले. निर्णयसागरच्या काव्यमालेत सोमदेवसूरींचे 'यशस्तिलकचंपू' टीकेसह छापले गेले. मूळ मोठ्या टाइपात, टीका लहान टाइपात, पाठभेद तळाशी त्याहून लहान, ही त्या काळच्या संस्कृत छपाईची रीत त्रिपाठाचीच वंशज होय.

खिळ्यांच्या छपाईतही अडचणी होत्या. मात्रा, रफार, अनुस्वार यांचे नाजूक खिळे दाबाखाली मोडत आणि छापताना नाहीसे होत. परंतु त्या छपाईत एक मोठे संरक्षण होते, आणि ते फारसे कोणाच्या ध्यानात आलेले नाही. छापखान्याकडे टाइपाचे मोजकेच आकार असत. ग्रेट म्हणजे अठरा पॉइंट, पायका म्हणजे बारा पॉइंट, असे घोडे ठरलेले. मजकूर पानात बसेना, तर जुळारी टाइप आवळू शकत नसे. त्याला एक पान वाढवावे लागे किंवा संपादकाला मजकूर छाटावा लागे. संगणकावर अक्षरजुळणी आल्यापासून हे संरक्षण गेले. आता मजकूर वाढला की डी.टी.पी. ऑपरेटर बारा पॉइंटचे अकरा करतो, तरीही दोन ओळी उरल्या तर साडेदहा करतो, ओळींमधील जागा थोडी खातो, अक्षरे आडवी किंचित दाबतो. प्रत्येक वेळी पडद्यावर ते मोठे करूनच पाहिलेले असल्याने त्याला काही वावगे दिसत नाही. वावगे दिसते ते दोन महिन्यांनी, टिळकनगरातल्या किंवा नौपाड्यातल्या एखाद्या घरी, संध्याकाळच्या दिव्याखाली.

यात हिशेबाचा भाग आहे आणि तो लपविण्यात अर्थ नाही. दहा पॉइंटचा टाइप बारा केला, की अक्षर आडवेही वाढते आणि उभेही. म्हणजे जागा १.४४ पट लागते. शहाण्णव पानांचे, सहा फर्म्यांचे पुस्तक सुमारे एकशे अडतीस पानांवर जाते. सोळा पानी फर्म्याच्या हिशेबाने नऊ फर्मे. कागद दीडपट लागला. दात्यांच्या पैशांतून मोफत वाटावयाच्या पुस्तकात हा खर्च विश्वस्तांना खटकणे स्वाभाविक आहे. परंतु मोफत पुस्तक नेणारे कोण, हेही पाहावे. देरासरातून असे पुस्तक घरी नेऊन खरोखर उघडणाऱ्यांत साठीपुढचेच अधिक असतात. ज्याच्यासाठी छापले त्याला वाचता येणार नसेल, तर वाचविलेल्या तीन फर्म्यांबरोबर उरलेले सहाही वाया जातात.

आणि स्मरणिकांविषयी बोलावयाचे तर, कोणीही राग मानू नये. स्मरणिकेत जाहिरातदाराचे नाव वीतभर, देणगीदाराचे नाव बोटभर आणि लेख मुंगीच्या पावलांचा, अशी वाटणी बहुधा आढळते. तोही गुळगुळीत आर्ट पेपरवर, जेथे दिव्याचा प्रकाश उसळून डोळ्यांत येतो. कधी तर एखाद्या तीर्थाच्या रंगीत छायाचित्रावर पांढऱ्या अक्षरांत. दिसावयास सुंदर, वाचावयास अशक्य. 'कालनिर्णय'ने १९७३ पासून घरोघरी जे शिकविले ते यापेक्षा व्यवहारी आहे: तारखेचा आकडा खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसावा असा, आणि मागील पानावरील मजकूर ज्याला हवा त्याने चष्मा लावून वाचावा.

परदेशात मोठ्या अक्षरांच्या पुस्तकांचा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला, त्याची कथा उद्बोधक आहे. इंग्लंडमधील लेस्टर येथील फ्रेडरिक थॉर्प यांनी १९६४ साली वृद्ध वाचकांसाठी 'अल्व्हर्सक्रॉफ्ट' ही प्रकाशनमाला सुरू केली. आरंभी त्यांनी टाइप सुमारे दुप्पट केला आणि पुस्तकाचा आकारही दुप्पट. ग्रंथालयांतून ती पुस्तके लोकप्रिय झाली, पण सांधे दुखणाऱ्या हातांना ती पेलणे सोपे नव्हते. १९६९ पासून त्यांनी सोळा पॉइंटचा टाइप ठेवून पुस्तक नेहमीच्या आकाराचे केले. म्हणजे नुसते मोठे करणे हा उपाय नव्हे. अक्षर फार मोठे झाले तर ओळीत चारच शब्द मावतात, नजर सतत डावीकडे परतत राहते, वाक्याचा धागा तुटतो आणि पुस्तक उशाशी घेऊन वाचता येत नाही. आपल्याकडे गोरखपूरच्या गीता प्रेसने गुटका, मध्यम आणि मोठा टाइप अशा वेगवेगळ्या आवृत्त्या काढून हा प्रश्न साध्या रीतीने सोडविला. डोंबिवलीहून सकाळची गाडी पकडणाऱ्यास गुटकाच हवा. त्याच्या वडिलांना मोठा टाइप. एकच पुस्तक दोघांवर लादले की एकाची तरी गैरसोय होणारच. मराठी ललित साहित्यात मात्र अशी सोय अजून तुरळक आहे.

मोबाइल आणि वाचनयंत्रे यांनी काही अंशी ही उणीव भरून काढली. २०१६ च्या अखेरीस 'किंडल'वर मराठी पुस्तके येऊ लागली आणि वाचकाला अक्षर हवे तेवढे करण्याची मुभा मिळाली. वाईहून सिद्ध झालेला मराठी विश्वकोश, ज्याचे दोन रकान्यांचे दाट पान अनेक निवृत्त शिक्षकांनी भिंग घेऊन वाचले, तो आज महाजालावर मोठा करून वाचता येतो. परंतु जुन्या ग्रंथांची जी छायाप्रत पाने संगणकावर ठेवलेली असतात, ती मोठी केली की ओळ पडद्याबाहेर जाते आणि पान बोटाने डावीकडे-उजवीकडे सरकवत बसावे लागते. शिवाय स्वाध्यायाला बसलेल्या माणसाने हातात मोबाइल घ्यावा की नाही, हा प्रत्येकाच्या मर्यादेचा प्रश्न आहे. कागदाचे पुस्तक अद्याप निकालात निघालेले नाही.

तेव्हा प्रकाशन करणाऱ्या संस्थांसमोर काही साध्या गोष्टी ठेवता येतील. प्रौढांसाठीच्या मजकुराचा टाइप चौदा पॉइंटपेक्षा कमी नसावा, आणि सूत्रांचा मूळ पाठ अर्थापेक्षा निश्चित मोठा असावा. एका फाँटचे चौदा आणि दुसऱ्या फाँटचे चौदा सारखे दिसत नाहीत, म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबू नये. ओळींमध्ये मात्रा आणि उकार यांची टक्कर होऊ नये इतकी जागा सोडावी. कागद चमक नसलेला आणि पाठीमागचे अक्षर न उमटणारा घ्यावा. मजकूर फार झाला तर टाइप न आवळता लेख आवळावेत. लेखकांचा रोष पत्करावा, वाचकांचे डोळे पत्करू नयेत.

आणि छपाईला देण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य घ्यावी. पडद्यावरचे पान पुरेसे नाही. प्रत्यक्ष आकाराचे एक पान त्याच कागदावर छापून घ्यावे. ते संस्थेतील सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या श्राविकेच्या हाती द्यावे, दुपारी कार्यालयात नव्हे, तर संध्याकाळी तिच्या घरी, तिच्या नेहमीच्या दिव्याखाली आणि नेहमीच्या चष्म्याने. पान मोठ्याने वाचावयास सांगावे. ती जेथे जेथे थांबेल, मागे जाईल किंवा पान दिव्याकडे तिरके करील, तेथे पेन्सिलीने खूण करावी आणि ते खुणांचे पान तसेच ऑपरेटरच्या हाती द्यावे.